दुरुस्तीचा रविवार

दार उघडायची पद्धत ठरलेली होती. किल्ली फिरवायची, मूठ धरून दार बोटभर वर उचलायचं आणि खालच्या कोपऱ्यावर गुडघा मारायचा. धाकटी गेली बारा वर्षं हे असंच करत आली होती. हातात पिशव्या असोत, अंगात ताप असो, की सात महिन्यांपूर्वी आई गेली आणि ती दवाखान्यातून एकटी परत आली तो दिवस असो, दाराने कधी कुणाला सवलत दिली नव्हती. या रविवारीही सकाळी दहा वाजता तिने दार उचललं, गुडघा मारला, आणि दार भिंतीवर आपटलं. त्याच्या मागोमाग ती बैठकीच्या खोलीत थेट वहिनीच्या पायांशी जाऊन थांबली.

"सावकाश," वहिनी म्हणाली. "दार आता चालतं."

वहिनी शाळेत उपमुख्याध्यापिका होती. उशिरा का होईना पाढे पाठ करणाऱ्या मुलाबद्दल बोलावं तशा सुरात तिने दाराचं कौतुक केलं.

"चालतं म्हणजे?"

"म्हणजे उघडतं आणि लागतं. दारं तेवढंच करतात. तुमच्याकडे जरा जास्त करत होती."

या दोघी वीस वर्षं एकमेकींना अहोजाहो करत आल्या होत्या. बाहेरच्यांना तो आदर वाटे. घरातल्यांना खरं काय ते माहीत होतं.

धाकटीने आजूबाजूला बघितलं. पंखा हळू फिरत होता. हा पंखा हळू फिरू शकतो हेच तिला ठाऊक नव्हतं. त्याला एकच वेग होता आणि त्यामुळे घरात दोनच ऋतू होते, पंखा चालू आणि पंखा बंद. फ्रिजच्या दाराला टेकवलेलं स्टूल गायब होतं आणि दार तरीही लागलेलं होतं. न्हाणीघरातला दिवा, ज्याचं बटण अंगठ्याने दोनदा दाबून मग सोडून द्यायचं असे, तो एका दाबात लागला. तिने तीनदा लावून बघितला. तिन्ही वेळा लागला. लाज सोडल्यासारखा.

आईच्या हाताला हे सगळं पाठ होतं. दाराची घंटा डाव्या कोपऱ्यावरच दाबावी लागायची, एरवी वाजायची नाही. धाकटीने एकदा विचारलं होतं, लोक बाहेर ताटकळत राहतात, बदलत का नाहीस? आई म्हणाली होती, "ज्याला कोपरा माहीत नाही, त्याचं आपल्याकडे काही काम नाही." एवढ्या एका वाक्यावर या घराने सगळे विक्रेते, वर्गणीवाले आणि दूरचे नातेवाईक निम्म्यावर आणले होते.

"दादा कुठे आहे?"

"स्वयंपाकघरात. प्लंबरचं शेवटचं काम चाललंय."

दादा, म्हणजे थोरला भाऊ, ओट्याशी उभा होता. तो विमा कंपनीत जोखीम मोजायच्या खात्यात होता आणि सुट्टीच्या दिवशीही काम घरी आणायचा. जिन्याकडे बघितलं की त्याला जिना दिसत नसे, पायथ्याशी पडलेला माणूस दिसे. मनाने वाईट नव्हता. फक्त कुणाबद्दल प्रेम वाटू लागलं की तो त्या माणसाच्या अपघातांची यादी करायचा.

"ये चिमणे," तो म्हणाला. चव्वेचाळीस वर्षांची चिमणी ओट्यापाशी गेली. "बघ. दोन दिवसांत सगळं घर करून घेतलं. सुतार, वायरमन, प्लंबर. आत्याला सांगून बाबांना शुक्रवारपासून तिच्याकडे ठेवलं होतं. अकरापर्यंत ती घेऊन येईल त्यांना."

"बाबांना विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते."

"म्हणून विचारलं नाहीस."

"मग! उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारून वेळ कशाला घालवायचा?"

"आणि हे सगळं अचानक कशासाठी?"

दादाने प्लंबरकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग ज्या चपळाईने माणूस दुखरा दात दाखवतो त्याच चपळाईने म्हणाला, "चार वाजता एक जोडपं येणार आहे. घर बघायला. फक्त बघायला. बाबा आमच्याकडे राहायला आले की हे रिकामं राहणार ना. भाड्याने दिलेलं बरं. मोडकं घर कोण घेतं?"

धाकटीने त्याचं बोलणं मनात पुन्हा वाचून बघितलं. ती मुद्रितशोधक होती. समोरच्या मजकुरात काय राहून गेलंय ते आधी शोधायची तिला सवय होती. इथे बाबा राहून गेले होते.

"त्यांना इथेच राहायचंय, दादा."

"एकटे? त्र्याहत्तराव्या वर्षी? हा नळ बघ." त्याने नळाकडे बोट केलं. नळ गप्प होता. "सात महिने गळत होता. खाली बादली. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, बाराव्या मजल्यावर अडकलेली माणसं सुखरूप काढणारा, आणि स्वतःच्या घरातल्या नळाखाली बादली लावून बसतो. याचा अर्थ काय?"

याचा अर्थ धाकटीलाही माहीत नव्हता. ती दर रविवारी यायची, ती बादली मोरीत ओतायची, पुन्हा जागेवर ठेवायची आणि बाबांना काही म्हणायची नाही. कशाला टोचायचं, आधीच ते खचलेत, असा तिचा विचार. त्याला ती समंजसपणा म्हणत असे.

प्लंबरने पाना पिशवीत टाकला आणि हात पुसत म्हणाला, "साहेब, एक दाखवायचं होतं." त्याच्या तळहातावर रबराचे तीन काळे वायसर होते. "तिन्ही नळांतले. वायसर नवे आहेत. पण कडेला तासलेत बघा. असा वायसर बसवला की नळ पंधरा दिवस बरा चालतो, मग गळतो."

"चुकून?"

"ते मला काय माहीत? माझी पंचवीस वर्षं गेली यात, मी असं पाहिलं नाही." त्याने वायसर दादाच्या हातावर ठेवले, आणि जग फार विचित्र आहे पण आपल्याला त्याचे पैसे मिळत नाहीत अशा चेहऱ्याने तो गेला.

दादा वायसरकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी दुःख आलं आणि त्या दुःखाच्या पाठोपाठ, त्याला स्वतःला कळायच्या आत, मुद्दा सापडल्याचं समाधान आलं.

"हात राहिला नाही त्यांचा," तो हळूच म्हणाला. "बघितलंस? वायसर धड बसवता येत नाही. उद्या गॅसची नळी बदलायला घेतील."

अकरा वाजता घंटा वाजली. नव्या घंटेत पक्षी होता. तो इतका किंचाळला की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"अगंबाई!" बाहेरून आत्याचा आवाज आला. "पहिल्या बोटाला वाजली!"

आत्या बाबांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे नव्वदीचे, जीभ पस्तिशीची. ती आत आली आणि मिळेल त्या खुर्चीत बसली. तिच्या मागून बाबा आले, हातात छोटी बॅग, पायात धूळ न लागलेले बूट. आत्याकडे ते दोन दिवस पाहुण्यासारखे राहिले होते आणि पाहुण्यासारखेच या घरात शिरले.

त्यांनी दार मागे लोटलं. दार लागलं. ते थांबले. पुन्हा उघडलं, पुन्हा लोटलं. मग बॅग खाली ठेवून ते कुणाशी न बोलता घरभर फिरले. लिफ्ट तपासताना ते असेच फिरायचे. आधी कान, मग हात, मग डोळे. पंख्याखाली उभे राहिले. फ्रिज उघडून लावला. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, बंद केला आणि वाट बघितली. बाकीच्या चौघांनीही नळाचा कानोसा घेतला. ऐकण्यासारखं काहीच नव्हतं.

"छान काम केलंय," बाहेर येऊन ते म्हणाले. "कुणाकडून करून घेतलं?"

"आमच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचे होते," दादा म्हणाला. "बाबा, बसा ना. जरा बोलायचं आहे."

"बसतो की. बसायला दुरुस्ती लागत नाही."

सगळे बसले. वहिनीने पर्समधून घडी केलेला कागद काढला. त्यावर चार मुद्दे होते आणि पहिल्या मुद्द्याखाली अ, ब, क होते. घरातलं कुणी गेलं, आलं, भांडलं, की वहिनीकडे मुद्दे तयार असत. आईच्या आजारपणातही होते, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी दवाखान्याच्या रांगेत तेच उपयोगी पडले होते. धाकटीला हे मान्य होतं. मान्य असणं आणि आवडणं या दोन गोष्टी तिने वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या.

"पहिला मुद्दा," वहिनी म्हणाली, "बाबांचं राहणं."

"पहिला मुद्दा चहा," आत्या म्हणाली. "मी तीन जिने चढून आलेय."

चहा झाला. शेगडी एका ठिणगीत पेटली. धाकटीचा हात सवयीने मागे सरकला होता, त्याची गरज नव्हती.

दादाने सुरुवात चांगली केली. बाबांचं वय, तीन जिने, एकटं राहणं, आमच्याकडे लिफ्ट आहे, तीही तुमच्याच कंपनीची आहे. मग भाडेकरू. मग चार वाजता.

"अच्छा," बाबा म्हणाले.

"अच्छा काय, बाळ?" आत्या म्हणाली. भाऊ त्र्याहत्तरचा झाला तरी ती त्याला बाळच म्हणायची. "मुलगा तुझं घर भाड्याने देतोय आणि तू अच्छा म्हणतोस? मला वाटलं, हा तुला खूश करायला रंगरंगोटी करतोय. म्हणून ठेवून घेतला तुला दोन दिवस. मला हे नव्हतं सांगितलं हो कुणी."

"आत्या, तुला सांगितलं असतं तर दहा मिनिटांत त्यांना कळलं असतं."

"पाच," आत्या म्हणाली. "पण म्हणून नाही सांगायचं?"

एक मत असं गेलं. दादाने मान हलवली आणि शेवटचं पान टाकलं. त्याने तळहात उघडून बाबांपुढे धरला.

"बाबा, हे तुम्ही बसवले होते नळांत."

बाबांनी वायसर बघितले. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि पुन्हा वर केला. त्यांच्या मानेपर्यंत काहीतरी लाल चढत गेलं.

"तुम्हाला बोलायला मला आवडत नाही," दादा म्हणाला, आणि ते खरं होतं. "पण हात आता पूर्वीसारखा राहिला नाही हो तुमचा. यात लाज कसली? वयच आहे. तुम्ही नुसतं हो म्हणा, की हे चुकून झालं. मग आपण पुढचं ठरवू."

बाबांनी मान वर करून पंख्याकडे बघितलं. तोही आता आवाज करत नव्हता.

धाकटीने दादाच्या तळहातावरून एक वायसर उचलला. मग दुसरा, मग तिसरा. तिन्हींच्या कडेला एकच काप होता, तेवढाच रुंद, त्याच कोनात. हात थरथरणाऱ्या माणसाच्या तीन चुका तीन तऱ्हेच्या असतात. तिच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी कळतं. तीच चूक तीन पानांवर अगदी तशीच आली, तर ती चूक नसते, लेखकाचं मत असतं.

"बाबा," ती म्हणाली, "हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"काहीतरीच काय!" दादा म्हणाला. "मुद्दाम कोण घरातले नळ गळवतं?"

"मी त्यांना विचारतेय."

बाबांनी कप खाली ठेवला. बशीत नेमका बसवला. काळजीपूर्वक, जसं काही त्याच्यावर चार माणसांचं वजन पेलायचं होतं.

"निवृत्त झालो ना," ते म्हणाले, "त्या आठवड्यात सगळं घर दुरुस्त केलं होतं मी. चार दिवसांत. दार, पंखा, नळ, सगळं. असंच चालत होतं, आत्ता आहे तसं." ते थांबले. "मग महिनाभर तुमची आई मला काही म्हणाली नाही. ती तिच्या कामात. मी त्या खुर्चीत. जेवायला चला, एवढंच. चौतीस वर्षं लोक मला हाका मारत होते, आणि घरात मला कुणी हाक मारायला कारणच उरलं नव्हतं."

बाबांनी बशीतला कप किंचित फिरवला.

"मग एक दिवस नळ गळायला लागला. खराच. ती आतून ओरडली, अहो, इकडे या बघू आधी! गेलो. ती बाजूला उभी राहिली, बोलत राहिली. शेजारचं, हिचं, तुझं, सगळं. अर्धा तास. वायसर बदलायला दोन मिनिटं लागतात." त्यांनी नाक पुसलं. "पुढचा बसवताना कानशीने जरासा तासला. पंधरा दिवस चालेल असा."

"आणि दार?" दादाने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"बिजागरीचा एक स्क्रू अर्धा ठेवला होता."

"पंखा?"

"आता सगळंच विचारू नकोस."

"बाबा, बारा वर्षं? आईला कधी कळलं नाही?"

इथे आत्या हसली. आधी नाकातून, मग सगळ्या खुर्चीतून. "कळलं नाही? पहिल्या महिन्यात कळलं तिला! मला फोन करून म्हणाली, तुमचा भाऊ वायसर कापून बसवतो आणि मला ते कळत नाही असं त्याला वाटतं. मी म्हटलं, मग बोलत का नाहीस? तर म्हणाली, बोलले तर तो दुरुस्त करेल. आणि दिवसभर माझ्या मागे उभा राहून भाजी कशी चिरायची ते शिकवेल."

बाबा बहिणीकडे बघत राहिले. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

"तिला माहीत होतं?"

"तीन वेळा तर तिने स्वतःच नळाचा आटा ढिला केला. तुझा नळ गळायला उशीर झाला म्हणून."

बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि खाली बघितलं. धाकटीला वाटलं की आता ते रडतील. ते हसत होते. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मग हसणं कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते तिने बघितलं नाही. तिने खिडकीबाहेर बघितलं, कारण तिला स्वतःलाही तेवढी सवड हवी होती.

"मग सात महिने नळ गळत होता," दादा हळूच म्हणाला, "तेव्हा तुम्ही तो नीट का नाही केलात? करता येत होता ना?"

"कुणी सांगितलं नाही," बाबा म्हणाले.

साधं उत्तर होतं, तक्रार नव्हती. धाकटीला त्या बादलीचं वजन आठवलं. दर रविवारी तिने ती उचलली होती, आवाज न करता, बाबांना कळू नये म्हणून. बाबा बाहेरच्या खोलीत बसून ऐकत असणार. बादली उचलली, ओतली, ठेवली. आता हाक येईल. नाही आली. घर आहे तसं राहावं म्हणून ती आज भावाशी भांडायला उभी राहिली होती. पण आहे तसं ते कुणासाठी ठेवायचं होतं, हे तिने नळाला जेवढं विचारलं होतं तेवढंच बाबांना विचारलं होतं.

"बाबा, तुम्हाला काय हवंय?" ती म्हणाली. "दादाकडे की इथे?"

"ऐकणार आहात?"

"ऐकू तरी."

"इथे. जिने मला चढता येतात. नाही चढता येणार त्या दिवशी मीच सांगेन. लिफ्ट बंद करायची पाटी मीच लावायचो, कुणी सांगायची वाट नव्हतो बघत."

दादाने वहिनीकडे बघितलं. मुद्द्यांचा कागद तिच्या हातात होता आणि मदत आता तिथूनच यायची होती.

वहिनीने कागदाची घडी घातली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"मला विचाराल," ती म्हणाली, "तर आई गेल्यावर बाबा तीन आठवडे आमच्याकडे होते तेव्हा चौथ्या दिवशी त्यांनी मिक्सर उघडला. मिक्सर नीट चालत होता. नवव्या दिवशी इस्त्री. तीही नीट चालत होती. मला फार राग आला होता. मी हे कुणाला बोलले नाही."

"मला रोज बोलत होतीस," दादा म्हणाला.

"तुम्ही कुणी नाही. आमच्याकडे सगळं चालतं, बाबा. तुम्हाला तिथे काय करायचंय?" तिने घड्याळात बघितलं. "अहो, त्या जोडप्याला फोन करा. घर मोडकं निघालं म्हणून सांगा."

"काहीही काय! दोन दिवस राबून सगळं—"

"मग दुसरं काहीतरी सांगा. जोखीम सांगा. ते तुम्हाला येतं."

दादा उठून गॅलरीत गेला. आतून त्याचा आवाज ऐकू येत होता, बराच वेळ, बऱ्याच माफ्यांसह. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख नव्हतं, हिशेब चुकल्याचं आश्चर्य होतं. त्याने बाबांच्या शेजारी बसून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. त्यांच्या घरात एवढं पुष्कळ होतं.

"रोज संध्याकाळी फोन करेन," तो म्हणाला.

"कर. पण कसे आहात असं विचारू नकोस. त्याला मला उत्तर येत नाही."

जेवण झालं. आत्या तिथेच आडवी झाली, कारण उतरायचे तीन जिने चढायच्या तिनापेक्षा जास्त असतात असं तिचं म्हणणं होतं. चारच्या सुमारास दादा आणि वहिनी निघाले. वहिनी दारात सँडलचा पट्टा लावत होती. वाकल्या वाकल्याच, कुणाकडे न बघता ती म्हणाली, "बाबा, गुरुवारी दुपारी मोकळे आहात का?"

"मी? हो."

"आमच्या पुस्तकांच्या कपाटाचं कुलूप अडकतंय."

"तेल घातलंत?"

"मला त्यातलं काय कळतं?" वहिनी म्हणाली. मला कळत नाही हे वाक्य वीस वर्षांत तिच्या तोंडून या घराने पहिल्यांदा ऐकलं.

"किल्ली पूर्ण फिरते की अर्ध्यावर थांबते?"

"ते तुम्हीच येऊन बघा."

बाबा आत वळले. त्यांच्या हत्यारांची पेटी कॉटखालून ओढल्याचा आवाज आला, गुरुवारला अजून चार दिवस असूनही. धाकटी दोघांना पोचवायला खाली उतरली. दुसऱ्या जिन्यावर दादा थांबला.

"कुलूप अडकतंय?" तो म्हणाला. "सकाळी तर मी त्यातून फाइल काढली. काही झालेलं नाही त्याला."

"गुरुवारपर्यंत होईल," वहिनी म्हणाली, आणि पुढे उतरू लागली.